शंख उचलायच्या आधी हे वाच

निपाणी

प्रिय संज्या,

लक्षद्वीपातल्या अगत्ती बेटाचं परमिट झालं म्हणून तुझा मेसेज आला, लई बरं वाटलं, खरं त्याच्याखाली पोरीसाठी पिशवीभर शंख आणतो म्हणून लिहिलंयस ना, ते वाचून म्हटलं आता सविस्तर लिहायलाच पाहिजे, फोनवर तू ऐकून कुठं घेतोस.

पोवळं उचलणं तर कायद्यानंच बंद आहे, ते सोड. तिथल्या रीफवर, म्हणजे पोवळ्याच्या खडकांवर, कोन स्नेल म्हणून शंखांची जात असते, त्यात कोनस जिओग्राफस सगळ्यात डेंजर. पातळ कवच, त्यावर तपकिरी-पांढरी नक्षी, असला देखणा की हात आपोआप जातोय. आत गोगलगाय जिवंत असली तर सोंडेतनं दात मारते, दात म्हणजे पोकळ काटाच, त्यातनं विष आत. मागनं धरलं की झालं असं समजू नको, सोंड वळून तिथवर येते. ह्या विषावर उतारा नाही गा. श्वास बंद पडतो, मग मशीनवर ठेवून विष उतरायची वाट बघायची, डॉक्टरांच्या हातात तेवढंच. माणसं गेल्याच्या ज्या नोंदी आहेत त्यातल्या बहुतेक ह्याच्याच नावावर.

खरं मला सांगायचंय ते वेगळंच. आपल्या मेडिकलात दिवसभर फ्रिज उघडायचा आणि इन्सुलिन काढून द्यायचं, आणि हा गडी शिकारीला इन्सुलिन वापरतोय! २०१५ साली हे उघडकीला आलं. रात्री कपारीत मासे निजलेले असतात, हा हळूच सरकत जातो, वाऱ्यानं उलटलेल्या छत्रीसारखं तोंड पसरतो आणि पाण्यात इन्सुलिन सोडतो, तेही माशाच्या इन्सुलिनशी जुळणारं. माशाची साखर धाडकन खाली, पळायचं सुचतच नाही, की अख्खा आत. दात मारायचा तो नंतर, आत घेऊन. मागाहून काटे-खवले बाहेर टाकून मोकळा. शुगर डाऊन झालेलं गिऱ्हाईक काउंटरला कसं येतं बघितलंय की आम्ही, घाम, हाताला थरथर, विचारलेलं कळत नाही, त्यामुळं तो मासा माझ्या डोळ्यापुढनं हलेना.

आपल्या इन्सुलिनचे रेणू सहा-सहा एकत्र चिकटून असतात, टोचल्यावर सुटायला वेळ लागतो, म्हणून तर साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्या म्हणून आम्ही घसा कोरडा करतो आणि कोण ऐकत नाही. ह्याच्या इन्सुलिनला तो चिकटणारा तुकडाच नाही. शिकारीत अर्धा तास कोण थांबणार? त्यावरनं माणसांसाठी झटपट चालणारं इन्सुलिन करायच्या मागं संशोधक लागलेत. होईलही बघ, कारण ह्याच्याच भावकीतल्या कोनस मॅगसच्या विषावरनं झिकोनोटाइड हे दुखण्यावरचं औषध निघालंय, २००४ ला अमेरिकेत मंजूर झालं, थेट मणक्यातल्या पाण्यात पंपानं सोडतात, आमच्या दुकानात कुठलं येतंय. ज्यांच्या लॅबमधनं ते आलं ते बाल्डोमेरो ऑलिव्हेरा मूळचे फिलिपिन्सचे, लहानपणी शंख गोळा करायचे. म्हणजे तुझ्यासारखेच, फक्त पुढं अभ्यास केला.

तर कोन दिसला की फोटो काढ, हात लावू नको, रिकामा वाटला तरी. मोबाईलचं वॉटरप्रूफ कव्हर बेळगावातच खडेबाजारात घे, तिकडं काय भावानं देतील कोण जाणे. वहिनींना नमस्कार, चिनूला पापा. आणि तुझ्या बाबांचं इन्सुलिन कोचीपर्यंत थंड ठेवायचा डबा माझ्याकडं आहे, निघायच्या आधी येऊन घेऊन जा.

तुझा,
दिग्या