हृदयरुग्णांना सरसकट मनाई नको

'हृदयरुग्णांनी दम लागेल असा व्यायाम टाळावा' असे सांगणारा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. त्यामागची काळजी रास्त असली तरी ही सरसकट मनाई पटत नाही. अँजिओप्लास्टीनंतर मीही काही महिने जिना चढायच्या धास्तीत घरातच काढले. पुढे डॉक्टरांनी ट्रेडमिल चाचणी घेऊन नाडीची मर्यादा ठरवून दिली. आता गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर मी चार मिनिटे झपाझप आणि तीन मिनिटे संथ, असा चार वेळा चालतो. वेगाच्या टप्प्यात बोलताना वाक्य मध्येच तुटते, संथ टप्प्यात ते पुरे होते.

नॉर्वेतील २०१२ च्या अभ्यासात ४,८४६ हृदयरुग्णांनी देखरेखीखाली केलेल्या सुमारे पावणेदोन लाख तासांच्या व्यायामात हृदय बंद पडण्याचे तीनच प्रसंग घडले. त्यांपैकी दोन अशा वेगवान-संथ टप्प्यांच्या तीव्र व्यायामातले होते व ते दोन्ही रुग्ण वाचले. हृदय कमकुवत झालेल्या २६१ रुग्णांच्या २०१७ च्या चाचणीत मात्र टप्प्यांचा हा तीव्र व्यायाम मध्यम गतीच्या सलग व्यायामापेक्षा सरस ठरला नाही, हेही सांगायला हवे. म्हणजे तो प्रत्येकावर लादू नये, पण तपासणीनंतर ज्याला झेपतो त्याला नाकारूही नये. छातीत दुखणे वाढत असलेल्या रुग्णाची गोष्ट अर्थातच वेगळी. नाशिकमधील रुग्णालयांनी घरी सोडताना गोळ्यांच्या चिठ्ठीसोबत किती वेळ, किती वेगाने चालायचे आणि कोणत्या लक्षणाला थांबायचे, हेही लिहून द्यावे, ही विनंती.

— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक