सुमे, तो शब्द कुणाचा होता?

प्रिय सुमे,

मार्चमध्ये तुझा फोन आला तेव्हा 'नंतर करते गं' म्हणाले आणि बघता बघता नोव्हेंबर उजाडला. मधे तू दोनदा मेसेज टाकलास, मी नुसते जोडलेले हात पाठवले. ते हात बघून तुझं नाक कसं लाल झालं असेल ते मला इथे बसून दिसतंय. काय बोलायचं ते बोलून घे, मग पुढचं वाच. तब्येती ठीक. माझी साखर गोळ्यांवर आटोक्यात आहे, ह्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं झालं, दुसऱ्याचं जानेवारीत. झालं.

फोनवर मला हे बोलता आलं नसतं म्हणून लिहायला बसले. तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधी 35 वर्षांची उजळणी करावी लागेल.

चिमी आली होती, चार दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो. हे बाहेर झोपले होते. ती अगदी सहज म्हणाली, "आई, मी गेल्या वर्षी एग फ्रीझिंग करून घेतलं." शब्द मला माहीत होता, पेपरात वाचला होता. माझ्या पोरीच्या तोंडून ऐकला तेव्हा मात्र हातातला टॉवेल हातातच राहिला. दहा-अकरा दिवस रोज पोटात इंजेक्शन, स्वतःच्या हाताने. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. मग भूल देऊन बीजं काढायची. सुमे, त्याच आठवड्यात मी तिला "फोन का उचलत नाहीस, एवढं काय काम असतं" म्हणून फैलावर घेतलं होतं. ती "हो आई, चुकलं" म्हणाली होती. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात ती सुई असेल का गं?

मी विचारलं, मग आता पुढे? तर म्हणाली, पुढचंच कळत नाहीये. लग्न नकोच असं काही नाही, पण ज्याच्याशी करावंसं वाटेल असा कुणी भेटला नाही, आणि मुलासाठी म्हणून करायचं नाही. मूल हवं की नको हे दर महिन्याला बदलतं. गोठवलेल्या बीजांतून मूल होईलच अशी हमी नाही हे डॉक्टरांनी तिला आधीच सांगितलंय. वय कमी असताना काढलेली असली तर आशा जास्त, एवढंच. तिने कायदासुद्धा वाचून ठेवलाय. 2021 चा कायदा म्हणे 21 ते 50 मधल्या बाईला लग्न झालेलं असो नसो, हे उपचार घेऊ देतो. पण सरोगसीला त्याच साली झालेला वेगळा कायदा आहे. तिथे नवरा नसलेली बाई चालते, फक्त ती विधवा किंवा घटस्फोटित हवी आणि 35 ते 45 च्या दरम्यान हवी. लग्नच न केलेली चालत नाही. "म्हणजे बघ आई," चिमी म्हणाली, "एकदा करून मोडलं असतं तर माझी पात्रता वाढली असती." आम्ही दोघी इतक्या हसलो की हे जागे झाले.

हसणं ओसरल्यावर तिने उशीचा अभ्रा उचलला, त्याची चार टोकं जुळवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आई, तुला मी हवी होते का गं?"

मी म्हणाले, "अगं, म्हणजे काय! हा काय प्रश्न झाला!"

माझा तो आवाज तुला माहीत आहे. रेक्टरबाईंनी "काल रात्री गच्चीवर कोण होतं?" विचारलं तेव्हा ज्या आवाजात मी "आम्ही नव्हतो मॅडम" म्हणाले होते, तोच. चिमीने एकदा वर बघितलं. "बरं," म्हणाली. अभ्रा घडी करून ठेवला आणि दुसरे कपडे घेतले. चौथ्या दिवशी गेली. जाताना नेहमीसारखी गळ्यात पडली, पण प्रश्न तिथेच पलंगावर राहिला. मी रोज त्याच्या शेजारी झोपते.

आता तुला कळलं असेल मी का लिहितेय.

ते हिरव्या पडद्याचं क्लिनिक मला अजून स्वप्नात दिसतं. नोव्हेंबरच होता. माझं पीएच.डी.चं पत्र येऊन आठवडा झाला होता आणि पाळी चुकून तीन. तू बँकेतून अर्धी रजा टाकून आली होतीस, पाऊस नसताना छत्री घेऊन. त्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. पेन टेबलाला दोऱ्याने बांधलेलं होतं. खाली दोन ओळी होत्या, एक माझ्या सहीची आणि एक नवऱ्याच्या. "मिस्टरांना घेऊन या, मग बघू." तू माझ्या कानात म्हणालीस, "दे इकडे, मीच करते सही तुझा नवरा म्हणून, माझं अक्षर तरी बरं आहे." मला हसू आलं आणि त्या बाईंनी असं पाहिलं आपल्याकडे!

सुमे, ती दुसरी ओळ कायद्यात नव्हतीच. गर्भपाताचा 1971 चा कायदा आहे, त्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही त्यात कुठे मागितलेलीच नाही. आपल्याला माहीत नव्हतं. दोघी एम.एस्सी., एक बँकेत, एक संशोधनाला निघालेली, आणि माहीत नव्हतं! मला ते कळलं चिमी कॉलेजात गेल्यावर, शाळेतल्या एका शिबिरात. समोर नववी-दहावीच्या मुली बसल्या होत्या आणि वकीलबाई हे सांगत होत्या. मी पाणी प्यायला म्हणून उठले ते बराच वेळ आत आलेच नाही. राग आला होता. पण कशाचा, ते मला तेव्हाही धड सांगता आलं नसतं. ती ओळ तिथे नसती तर आज कपड्यांच्या घड्या घालायला माझ्यासमोर कोण बसलं असतं? हा विचार मी पुढे नेऊ शकत नाही. दर वेळी इथेच थांबते.

ह्यांना यातलं काही माहीत नाही, अजून. त्यांनी "नको" म्हटलं असतं असंही नाही. कदाचित "तू ठरव" म्हणाले असते. मी विचारलंच नाही. पंधरा दिवसांनी सांगितलं ते "मला दिवस गेलेत" एवढंच, आणि घरात आनंदीआनंद. पीएच.डी.चं पत्र मी डिक्शनरीत ठेवलं. चिमी 1991 च्या जुलैत झाली. पुढचं तुला ठाऊक आहे. शाळा लागली, शाळा आवडली, पोरं आवडली. मी दुःखी आयुष्य काढलं नाही हे तू शपथेवर सांगशील. पण चिमीने ते विचारलं नव्हतं.

मग रात्री झोप येईना तेव्हा आजी, आपली माई आठवली. तिच्या लग्नाची गोष्ट तू माझ्याबरोबरच ऐकली आहेस. 1930 च्या एक एप्रिलपासून शारदा कायदा लागू होणार, मुलीचं वय निदान 14 हवं. तो लागायच्या आत उरकून टाका म्हणून त्या वर्षी ठिकठिकाणी लग्नांची घाई उडाली, आणि त्या घाईत 10 वर्षांची माई बोहल्यावर. आठ बाळंतपणं, पाच जगली. "तुला हवं होतं का" हे माईला विचारणं म्हणजे पावसाला विचारण्यासारखं. आईला मात्र मी विचारलं होतं, ती गेली त्याच्या आदल्या वर्षी. तिसऱ्यानंतर तिने ऑपरेशन करून घेतलं. त्याआधी शिक्षिकेची नोकरी चालून आली होती, ती सोडली होती. मी म्हटलं, आई, तुला काय हवं होतं? ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "दुःख नाही गं मला. कुणी विचारलं नाही, एवढंच." तेवढं बोलून तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

चिमीला मी माईचं सांगितलं तर ती मलाच रखमाबाईंचं सांगायला लागली. अकराव्या वर्षी झालेलं लग्न, त्या नांदायला गेल्या नाहीत. नवऱ्याने कोर्टात खेचलं. 1887 साली मुंबईच्या कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. हे मला माहीत होतं. त्या 1955 पर्यंत होत्या, हे माहीत नव्हतं. म्हणजे तेव्हा माई 35 वर्षांची होती! र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेही 1921 साली, माईच्या लग्नाच्या 9 वर्षं आधी. त्यांनी आणि मालतीबाईंनी स्वतःला मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. हे सगळं होतं गं सुमे. माईच्या उंबऱ्यापर्यंत आलं नाही. आणि 1971 चा कायदा 1990 साली त्या हिरव्या पडद्याच्या आत आला नव्हता. चिमीला एकाही सहीसाठी कुणाकडे जावं लागलं नाही याचा मला खरंच आनंद आहे. तरी ती त्या टेबलावर एकटी झोपली होती, बाहेर छत्री घेऊन बसलेलं कुणी नव्हतं, हे आठवलं की पोटात कालवतं. मी तिला म्हटलंसुद्धा, मला बोलवायचंस. ती म्हणाली, "तू ठरवलं असतंस माझ्याऐवजी." खरं आहे. ठरवलं असतं.

तुझ्याऐवजीही मी ठरवायला निघाले होतेच की. ते 1993 चं भांडण मला काढायचं नव्हतं, पण निघालंच आहे तर. पुण्याचं ते स्थळ तू नाकारलंस तेव्हा मी "म्हातारपणी तुझं कोण करणार?" म्हणाले आणि तू दोन वर्षं माझ्याशी बोलली नाहीस. मी तुला कधी खरं सांगितलं नाही. चिमी तेव्हा दोन वर्षांची होती, रात्रभर जागवायची, आणि तू संध्याकाळी बँकेतून सुटून तबल्याच्या क्लासला जायचीस. मला तुझा इतका मत्सर वाटला होता की तुला माझ्या ओळीत आणून बसवावं असं वाटलं. काळजी म्हणून बोलले नव्हते सुमे. चूक माझी होती. आणि तू म्हणाली होतीस, "तुझं तरी कोण करणार आहे?" तेही अगदी बरोबर होतं, पण ते तू इतक्या मोठ्याने म्हणायला नको होतंस, सासूबाई आत होत्या.

तुझं कसं चाललंय? गच्चीची गळती थांबली का? भाचीला नोकरी लागल्याचं कळलं, तिला माझ्याकडून शाबासकी दे. तबला पुन्हा सुरू केलास म्हणतेस, तर या वेळी खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेव. रिटायर झाल्यावर करायच्या त्या सहलीचं काय झालं? बाकी सगळं भेटीत.

आता ज्यासाठी लिहितेय ते. त्या दिवशी क्लिनिकमधून बाहेर पडून आपण समोरच्या बाकावर बसलो होतो. तू म्हणालीस, दुसरीकडे जाऊ, ओळखीच्या एक बाई आहेत, त्या काही विचारत नाहीत. हे मला स्वच्छ आठवतंय. त्यानंतर कुणीतरी म्हणालं, "नको, घरी जाऊ." मग आपण बस पकडली. इतकी वर्षं मी धरून चालले की ते तू म्हणालीस. माझी अवस्था बघून तू म्हणालीस आणि मी तुझ्या मागे निघाले. पण चिमीने विचारल्यापासून तो शब्द मला माझ्या आवाजात ऐकू येतोय. आणि मला भीती वाटते की मला आता तो माझ्या आवाजात हवाय, म्हणून येतोय.

तुझी स्मरणशक्ती माझ्यापेक्षा धड आहे, रेक्टरबाईंच्या चपलांचा रंगसुद्धा तुला आठवतो. तेव्हा सांग. "नको, घरी जाऊ" हे कोण म्हणालं? तू म्हणाली असशील तर तसं लिही. मला बरं वाटावं म्हणून गोड करून लिहू नकोस, मला ते तुझ्या अक्षरावरून कळतं. आठवत नसेल तर आठवत नाही असं लिही. काहीही असलं तरी मी चिमीला क्लिनिकचं सांगणार आहे, तेवढं ठरलंय. तिने खरं विचारलंय, तिला रेक्टरबाईंना दिलेलं उत्तर देऊन चालणार नाही. पण ती बाकावरची गोष्ट तिला कशी सांगायची ते तुझ्या पत्रावर आहे.

ती 20 डिसेंबरला येतेय. त्याच्या आत लिही. फोन करू नकोस, हे शेजारी असतात.

तुझीच,
बेबी

ता. क. तुझी ती छत्री माझ्याकडेच आहे, 35 वर्षं. काडी एक मोडलीय. येशील तेव्हा घेऊन जा.