दुसरा आणि चौथा मंगळवार : पालकमंत्र्यांना एका आशाताईचं पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री साहेब,

सविनय नमस्कार. आपल्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा. जरा उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. त्या दिवशी सकाळी साडेसहाच्या एसटीने मी आत्याला घेऊन उपजिल्हा रुग्णालयात गेले होते. रात्री घरी पोचले तेव्हा कुणाला शुभेच्छा द्याव्यात असं काही मनात उरलं नव्हतं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७६. मी आपल्याच जिल्ह्यातली आशा, बारा वर्षं झाली. आपण मला ओळखणार नाही. पण गेल्या वर्षी त्या रुग्णालयात ज्येष्ठांच्या मनाच्या आजारांसाठी वेगळ्या खोलीची फीत कापलीत, तेव्हा औक्षणाचं ताट धरून उभ्या असलेल्या पाचजणींत मी होते. "माझ्या जिल्ह्यातल्या एकाही आईला उपचारासाठी वणवण करावी लागणार नाही," असं आपण म्हणालात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या जरा जास्तच जोरात होत्या.

त्या खोलीत मनाचे डॉक्टर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या मंगळवारी बसतात. दार उघडं असलं तर. मधले अकरा आठवडे ती जागा रिकामी होती. आता नवे डॉक्टर आलेत असं कळलं म्हणून परवा गेलो. ३८ किलोमीटर, दोन एसट्या, आणि दाराला कुलूप. शिपाई म्हणाला, साहेबांची ड्युटी मैदानावर लागलीय. मैदानावर काय, तर आपल्या वाढदिवसाचं महाआरोग्य शिबिर. तिथे ते बिचारे दिवसभर लोकांचा रक्तदाब मोजत होते. रक्तदाब आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरलाही मोजता येतो साहेब, मनाचं औषध लिहून देता येत नाही.

आता थोडं आत्याबद्दल सांगते. वाचायला वेळ नसेल तर पीएंना द्या, तेही नाही वाचणार.

तीन वर्षांपूर्वी मामा, म्हणजे माझे सासरे गेले. आत्या रडली नाही. ही बाई तीस वर्षं आठवडी बाजारात अंडी आणि मिरच्या विकायची. कुणाचे किती सुटे द्यायचे, कुणाची किती उधारी, सगळं तोंडी. चौथी शिकलेल्या माझ्या नवऱ्याचा हिशेब तीच दुरुस्त करायची. मामा गेल्यावर तिने आधी बाजार सोडला, मग चूल सोडली, मग बोलणं. एकदा पिठाच्या डब्यात मिठाची अख्खी पुडी ओतून ठेवली. विचारलं तर "मला काय ठावं" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. दिवसातून वीस वेळा तेच उत्तर. जावेचं नाव विचारा, वार विचारा, जेवलीस का विचारा, मला काय ठावं. सगळे म्हणाले, वय झालं. आमच्या आरोग्य केंद्रातही तेच म्हणाले.

खरं तर हे मलाच आधी कळायला हवं होतं, कारण हे प्रश्न मी घरोघर विचारते. आमच्या सीबॅक फॉर्मवर, म्हणजे घरोघरच्या आरोग्य तपासणीच्या कागदावर, तिशीच्या पुढच्या प्रत्येकाला विचारायचं असतं की दोन आठवड्यांत उदास वाटलं का, कशात रस वाटेनासा झाला का. साठीच्या पुढे आणखी काही प्रश्न, त्यातला एक, जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का. आत्याचा फॉर्म मीच भरला, आमच्याच उंबऱ्यावर बसून. सगळीकडे बरोबरची खूण. खाली 'पुढे पाठवले' असं लिहिलं. फॉर्ममागे दहा रुपये मला मिळतात, ते मिळाले. आत्याकडे सात महिने कुणी फिरकलं नाही. शेवटी मीच तिला एसटीत घातली.

ते पहिले डॉक्टर चांगले होते, एवढं कबूल करते. त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. आत्याने आयुष्यात पेन धरलेलं नाही. तिने एक गोल काढला आणि थांबली. हे काय, विचारल्यावर म्हणाली, "भाकरी." शंभरातून सात वजा करायला सांगितलं तर काय ठावं. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि मला विचारलं, बाजारात काय विकायच्या? मग म्हणाले, डझनाला साठ रुपये तर पाच अंड्यांचे किती? बराच वेळ गेला. मग खाली बघतच म्हणाली, "पंचवीस."

तेव्हा त्यांनी मला समजावलं. खरा विसरभोळेपणा लागलेला माणूस बहुतेकदा झाकाझाक करतो, काहीतरी ठोकून देतो. उदास माणूस 'माहीत नाही' म्हणून मोकळा होतो, प्रयत्नच करत नाही. पण दोन्ही एकत्रही असू शकतं, आणि म्हातारपणातलं नैराश्य हे कधी पुढच्या स्मृतिभ्रंशाची पहिली पायरीही असतं. म्हणून थायरॉईड तपासा, बी-१२ तपासा, नैराश्याचं औषध सुरू करा आणि दर महिन्याला बघत राहा. माझी मुलगी नर्सिंगला आहे, तिने फोनवर दाखवलं की २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची जी १४ टाळता येण्याजोगी कारणं सांगितली त्यात नैराश्य आहे, ऐकू कमी येणं आहे, एकटेपणा आहे. आत्याला तिन्ही आहेत.

एस्सिटालोप्रामची, म्हणजे नैराश्यावरची गोळी सुरू झाली. सहाव्या की सातव्या आठवड्यात मी भांडी घासत होते आणि मागून आवाज आला, "शेरडाला पाणी पाजलंस का गं?" साहेब, तीन वर्षांत तिने मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी गोठ्यात जाऊन रडले.

मग डॉक्टर गेले. बदली की करार संपला, कुणी सांगत नाही. रुग्णालयाच्या औषध भांडारातल्या गोळ्याही संपल्या. बाहेरून घ्यायच्या होत्या, असं तुमचा माणूस म्हणेल. घेतल्या. दोन महिन्यांनी मेडिकलवाला म्हणाला, चिठ्ठी जुनी झाली, नवी आणा. नवीसाठी गेले तर ओपीडीतल्या पोरगेल्या डॉक्टरने भांडारात होती ती लिहून दिली, अॅमिट्रिप्टिलीन, नैराश्यावरचीच पण जुनी गोळी. झोपही लागेल म्हणाला. झोप लागली. तोंड कोरडं पडलं, लघवी तुंबली, आणि पाचव्या रात्री आत्या अंगणात कुणाशी तरी बोलत उभी. तशीच पायरीवरून पडली, मनगट गेलं. मुलगी फोनवर ओरडली, आई, ही जुनी गोळी म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवरच उठते, बंद कर. म्हणजे डोकं सांभाळायला गेलो आणि डोक्यावरच औषध मारलं. आता मनगटाला प्लॅस्टर आहे आणि पुन्हा सगळं मला काय ठावं.

आणि तुम्ही काय दिलंत? एसटी फुकट. पंचाहत्तरीनंतर शून्य रुपये तिकीट. आत्या महाराष्ट्रभर फुकट फिरू शकते, उतरायचं कुठे ते तेवढं तिला आठवत नाही. सत्तरीच्या पुढच्यांना पाच लाखांचं कार्ड, तेही आहे, पेटीत ठेवलंय. ते भरती झाल्यावर चालतं. मनाची गोळी महिन्याच्या महिन्याला लागते साहेब, ती खाटेवर निजून मिळत नाही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा आहे. माझा जन्मही झाला नव्हता. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा कलम १८मध्ये म्हणतो की मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्यात तर सरकारी रुग्णालयात ज्येष्ठांना वेगळी रांग द्या असंही आहे. आत्या परवा केस पेपरच्या रांगेत सव्वा तास उभी होती, प्लॅस्टरसकट. देशात साठीच्या पुढच्या शंभरात सात-साडेसात जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे ८८ लाख माणसं. आपल्या राज्यात साठीच्या पुढचे दीड कोटीच्या आसपास धरले तर दहा-अकरा लाख होतात. माझं गणित कच्चं असेल तर सचिवांकडून पक्कं करून घ्या. त्यातले उदास किती, निव्वळ उदास किती, हे वेगळं काढायला मंगळवारचा एक माणूस, आणि तोही मैदानावर.

आमचं काय, आम्ही भरतोच. कागदावर भरा, मग अॅपवर भरा, मग अॅप बदललं की परत भरा. २०२४च्या सुरुवातीला आझाद मैदानावर थंडीत बसलो होतो, जाहीर केलेल्या मानधनवाढीचा जीआर काढा एवढंच मागत. तेव्हाच कळलं होतं की जाहीर होणं आणि होणं यात बरंच अंतर असतं. तरी तुमच्या फितीला टाळ्या वाजवल्या, ही चूक माझी.

मागणं फार नाही. मंगळवारी डॉक्टरांना मंगळवारच्या जागी बसू द्या. नैराश्याच्या त्या दोन-तीन गोळ्या भांडारात ठेवा, महाग नाहीत. डॉक्टर नसतील तेव्हा चिठ्ठी पुढे चालू ठेवायची सोय करा. आणि आम्ही 'पुढे पाठवले' लिहितो त्या म्हाताऱ्यांचं पुढे काय झालं, ते आम्हाला कुणीतरी कळवा. लोक आमच्या दारात येऊन विचारतात, तुमच्या नाही.

आपली,
एक आशा

ता.क. पेपरात आलंय की शिबिराचा लाभ चार हजारांवर रुग्णांनी घेतला. मी घरी येऊन आत्याचा केस पेपर बघितला. त्यावर निळ्या शाईत 'महाआरोग्य शिबिर' असा शिक्का आहे. त्या दिवशी रुग्णालयाच्या खिडकीवर ज्यांनी ज्यांनी पेपर काढला त्या सगळ्यांवर असणार. आत्याचं नाव तेवढं त्या आकड्यातून काढून टाका. आम्ही मैदानावर आलोच नव्हतो. आम्ही कुलूप बघून परत आलो.