मनूला, त्या भरताच्या फोटोवरून

प्रिय मनू,

तुझा फोटो पोचला. आईने आधी तसाच पाहिला, मग चष्मा लावून परत पाहिला आणि फोन माझ्या हातात देत म्हणाली, "हे असं काळं काय केलंय पोरीने?" तू मनाला लावून घेऊ नको, तिला ते जांभळं वांगं पाहून धक्का बसला होता इतकंच. मी म्हटलं पोरगी बंगलोरला एकटी राहते, साडेआठला ऑफिसातून येऊन वांगं भाजायला घेते हेच खूप आहे. पण तू खाली लिहिलंयस ना, "पप्पा सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं तरी आपल्यासारखं लागत नाही, काय चुकलं?" त्याचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता येईना, म्हणून दुपारपासून एका बोटाने टाईप करत बसलोय. लांबलं तर दोन हप्त्यांत वाच.

तुझं चुकलं काहीच नाही. एअर फ्रायरचं मी आत्ता काढत नाही, त्यावर तू आलीस की भांडू. पण मुळात वांगंच ते नाही गं. आपलं भरताचं वांगं हिरवट पांढरं, अंगावर फिक्या रेघा, पाव किलोच्या पुढेच एकेक, चांगलं पोसलं तर अर्धा किलो. हातात घेतलं की दिसतं त्यापेक्षा हलकं लागलं पाहिजे, जड लागलं की समजायचं आत बी भरलंय. तुझी आजी बाजारात वांगी अशी उचलून उचलून बघायची की भाजीवाला वैतागायचा, म्हणायचा आजी सोनं घेताय का. आणि भाजलं की साल हाताने निघून येते, गर हिरवट पिवळा, त्याला तेल घातलेलं नसतानाही तुकतुकी असते. बामणोद, भालोद, आसोदा ही त्याची गावं. २०१६ ला जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय, म्हणजे हे नाव ह्याच भागाचं असा सरकारी कागद, मिळालं, त्याच वर्षी केळीलाही मिळालं, तेव्हा तुझा काका पेढे वाटल्यासारखा पेपर घेऊन सगळीकडे फिरला होता. आता तोच म्हणतो कागद मिळाला रे दादा, पण जांभळ्या वांग्यात टोमॅटो घालून खान्देशी भरीत म्हणून विकणाऱ्याला कोण धरणार. खरंच आहे त्याचं. पुण्याला तुझ्या आत्याकडे गेलो होतो तेव्हा एका हॉटेलात बोर्ड बघून मोठ्या हौसेने शिरलो, तर ताटात लाल भरीत आलं, वर गरम मसाला, बाजूला बटर लावलेली रोटी. वेटरला काही बोललो नाही, तो बिचारा बिहारचा. पण त्या दिवशी मला कळलं की आपला पदार्थ अजिबात न मिळणं परवडलं, नुसता नावाने मिळणं जास्त जिवाला लागतं.

परवा चंपाषष्ठी झाली, तू फोन केला होतास बघ आणि मागे गलका चालू होता म्हणून तुला काही ऐकू आलं नाही. चातुर्मासात आजीच्या वेळेपासून घरात वांगं शिजत नाही हे तुला माहितीय, त्यामुळे त्या दिवशी सगळे असे तुटून पडतात की विचारू नको. काकाच्या मळ्यातच केलं यंदा. बांधावर मागच्या साली उपटून ठेवलेल्या कपाशीच्या काड्यांची गंजी असतेच, त्या पेटवल्या, वांग्यांना टोचे मारले आणि त्या जाळात टाकली. ह्या काड्या भसाभस पेटतात आणि भसाभस विझतात, म्हणून एक माणूस फक्त काड्या सारायला आणि एक काठीने वांगी फिरवायला लागतो, आणि दोघांचं सारखं भांडण चालू. वांग्याला जो वास लागतो तो त्या काडीचा. गॅसवर वांगं भाजतं, पण वास गॅसचाच. तुझ्या त्या मशीनमध्ये तर वांगं घामाघूम होऊन शिजतं नुसतं, (बघ, काढलाच विषय).

मग देठ धरून गरम गरम सोलायची, हात पोळले की फुंकायचं, आणि लाकडी बडगीत घालून ठेचायची. हे मी तुला सांगायला विसरलो होतो, माझी चूक. तू मिक्सरला लावलंस ना? फोटोत दिसतंय, लगदा झालाय. बडगीत ठेचलं की त्याचे धागे राहतात, दाताला लागतात. आधी हिरवी मिरची लसूण ठेचून घ्यायचा, मग वांगी. कढईत तेल आईच्या हिशोबाने नाही, काकाच्या हिशोबाने, त्यात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मग कांद्याची पात भरपूर, शेवटी वांगं आणि कोथिंबीर. हळद नाही, टोमॅटो नाही, दही तर नाहीच नाही. दही घालतात ते दुसरं भरीत, ते वाईट असतं असं नाही, पण ते आपलं नाही. आणि केळीच्या पानावर वाढायचं, तिथे पानं मागायला जावं लागत नाही, हात लांब केला की केळी.

तुला आठवतं का, २०१८ च्या डिसेंबरात विष्णू मनोहर जळगावला आले होते आणि एकाच कढईत २५०० किलो भरीत केलं होतं? आपण गेलो होतो, तू कॉलेजला होतीस, म्हणालीस पप्पा गर्दीत धूळच जास्त खाल्ली. पण मला तेव्हा कौतुक वाटलं होतं, की आपल्या वांग्यासाठी एवढे लोक उभे राहिले.

तर वांगं तुझ्याकडे कसं पोचवायचं हा प्रश्न. भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेसला जवळपास एक अख्खा दिवस लागतो आणि ही वांगी नाजूक, एकावर एक ठेवली की साल काळी पडते. पुण्या-मुंबईला लोक ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पेट्या पाठवतात, रात्री टाकली की सकाळी मिळते. बंगलोरसाठी मी एकच उपाय काढलाय, इथेच भाजून, ठेचून, फोडणी न देता डबा भरून फ्रीजरमध्ये बर्फ करायचा आणि येणाऱ्या माणसाबरोबर पाठवायचा. आईला पटलेलं नाही. ती म्हणते शिळं. मी म्हटलं अगं जळगावला लोक तयार भरीत किलोवर घेऊन जातात, तेही काही ताटातच बसून खात नाहीत.

आणि एक गोष्ट. तुझ्या ऑफिसातली ती उडुपीची मुलगी, जिने तुला हिरव्या वांग्याचा डबा दिला होता आणि तू म्हणालीस पप्पा रंग सेम आपल्यासारखा, ती जे नाव सांगत होती ते गुळ्ळा. मी शोधून वाचलं. उडुपीजवळ मट्टू म्हणून गाव आहे, तिथलं हे गोल हिरवं वांगं, मट्टू गुळ्ळा, आणि त्याला २०११ लाच जीआय मिळालंय, आपल्या पाच वर्षं आधी! ते लोकसुद्धा भाजून त्याची बज्जी करतात म्हणे. तर त्या जांभळ्याच्या नादी लागण्यापेक्षा तिला म्हण मला दोन गुळ्ळे आणून दे. आपलं भरीत होणार नाही त्याचं, आधी तिच्या आईच्या पद्धतीने करून खा, मग आपली फोडणी दे. आणि तिलाही विचार की तिला बंगलोरमध्ये ते मिळवायला किती खटपट करावी लागते. मला वाटतं तुमच्या दोघींचं दुखणं एकच आहे.

भाकरीचं मात्र तू उगाच टेन्शन घेतेस. कळण्याची भाकरी तिकडे जमण्यासारखी आहे. उत्तर कर्नाटकवाले जोळद रोट्टी खातात म्हणजे ज्वारी चांगली मिळणार. चार किलो ज्वारीला एक किलो अख्खे काळे उडीद, सालासकट, धुवायचे नाहीत, आणि दळतानाच मूठभर जाडं मीठ. गिरणीवाल्याला सांग ज्वारीच्या मागे दळ, गव्हावर नको. पीठ चिकट होतं उडदाने, त्यामुळे भाकरी तुटत नाही, तुझ्यासारख्या शिकाऊ माणसाला बरी. दिसते काळपट, दिसू दे. आणि भरीत नसेल तरी ठेचा, कच्चं तेल आणि बुक्कीने फोडलेला कांदा. १९९१ ला माझी दौंडला बदली झाली होती तेव्हा मी दोन वर्षं ह्यावर काढली, तू नव्हतीस तेव्हा. आजी कळण्याच्या पिठाची पिशवी बांधून द्यायची आणि ओळखीचा कोणी टीसी गाडीवर असला की तो मला प्लॅटफॉर्मवर आणून द्यायचा. एकदा पिशवी फुटली आणि त्याचा काळा कोट पांढरा झाला, पुढे वर्षभर तो मला बघितलं की कोट झटकायचा.

शेवभाजीबद्दल मी काही लिहीत नाही. ती आता कुठेही ढाब्यावर मिळते, वर लाल तवंग आणि खाली पाणी. ज्याला आवडते त्याने खावी. काळा मसाला पाठवतोय, घरी कर, शेव मात्र जाडी घे आणि ताटात वाढताना टाक. फुणके-कढीचं तू विचारलं होतंस, ते आई सांगेल, त्यात मला कळत नाही, मला फक्त खायचं कळतं.

पण मनू, खापरावरच्या मांड्यांचं काय करायचं हे मला खरंच सुचत नाही. परवा काकूने विषय काढला की आता आपल्या घरात ते येणारं कोणी राहिलं नाही. आजी गेल्यापासून आपण ऑर्डर देऊन आणतो. तू लहान होतीस, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दोन्ही आत्या माहेरी यायच्या, लिंबाला झोका बांधलेला, आणि मागच्या अंगणात चुलीवर उलटं खापर. गहू आदल्या दिवशी ओलवून दळलेले, पीठ पातळ फडक्यातून गाळलेलं, ते इतकं मळायचं इतकं मळायचं की ओढलं तर रबरासारखं लांबायचं. पुरण भरून आजी ती पोळी लाटायची नाही, दोन्ही हातांवर झेलत फिरवत फिरवत कोपरापर्यंत न्यायची आणि एका झटक्यात खापरावर टाकायची, घडी न पडता. आम्ही सगळे श्वास धरून बघायचो. एवढी मोठी की एका ताटात मावत नाही, घडी घालून वाढायची, वर आंब्याचा रस, बाजूला रशी, कुरडई, भजे. आईने दोन-तीनदा प्रयत्न केला, पीठ मनगटावरून खाली आलं, आजी हसली नाही, म्हणाली, "हात तापायला लागतात आधी." आईने मग सोडून दिलं. मी तर त्या काळी हातच लावला नाही, पुरुषाने चुलीपाशी जायचं नाही अशी आमची अक्कल. आता वाटतं शिकून घेतलं असतं तर निदान व्हिडिओ कॉलवर तुला दाखवलं असतं, आणि तूही तिकडे पीठ मनगटावरून खाली सोडलं असतंस.

बिबड्यांचंही तसंच, पण ते अजून आपल्या गल्लीत होतात. एप्रिलच्या शेवटी, ऊन पंचेचाळीसला टेकलं की. ज्वारी तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायचं, मग भरडून पहाटे चारला मोठ्या पातेल्यात लसूण, जिरं, तीळ, मिरची घालून घाटा शिजवायचा आणि गच्चीवर जुन्या धुतलेल्या साडीवर थापायचे. तुला पापडापेक्षा घाटाच आवडायचा, वाटीत घेऊन वर कच्चं तेल, तोंड भाजलं तरी थांबायची नाहीस. बंगलोरची हवा सगळे छान छान म्हणतात, पण त्या हवेत बिबडं वाळायचं नाही, बुरशी येईल. ते आपलं ऊनच पाहिजे, ज्याला तू दर उन्हाळ्यात शिव्या घालतेस.

बरं, आता कामाचं. शिरीषमामा पुढच्या गुरुवारी कर्नाटकने निघतोय, त्याच्या मुलाच्या ॲडमिशनचं काहीतरी आहे. त्याच्याबरोबर पाठवतोय: थर्माकोलच्या खोक्यात भरीत, कळण्याचं पीठ तीन किलो (गिरणी शोधेपर्यंत), काळा मसाला आणि मागच्या उन्हाळ्यातले शेवटचे वीस बिबडे. बिबडे गॅसवर भाज, तळू नको, आणि शेंगदाण्याबरोबर खा. भरीत उतरवल्या उतरवल्या फ्रीजरला टाक, लागेल तेवढंच काढ, आणि फोडणी तिथे ताजी दे, पात नाही मिळाली तर कांदा चालेल, मी आईला सांगणार नाही. मामा एस-चारला आहे, तू स्टेशनवर जा, तो तुझ्या फ्लॅटपर्यंत येणार नाही, त्याला रिक्षावाल्यांशी कन्नडमध्ये बोलता येत नाही म्हणून घाबरतो.

त्या उडुपीच्या मुलीलाही थोडं दे. आवडलं तर ठीक, नाही आवडलं तर नीट तोंडावर सांग म्हणावं, आम्हाला चालेल.

आणि डबा परत पाठव. कडीचा स्टीलचा आहे, झाकणावर आजीचं नाव कोरलेलं. मागचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत, आई आत्ता स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा ओरडून विचारतेय लिहिलं का म्हणून. लिहिलं.

तुझे पप्पा