अडकलेल्या जहाजाची गोष्ट पोरखेळ नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मराठी विज्ञानसाहित्यावर आलेला लेख मी दोनदा वाचला. लेख अभ्यासू आहे, बराचसा पटलाही. पण शेवटाकडे एक वाक्य आहे, ते काही केल्या डोक्यातून जात नाही. अंतराळात अडकून पडलेलं यान, त्यातली माणसं आणि त्यांना भेटणारे परके जीव हा पोरवयातला मामला, प्रौढ वाचकाच्या हाती त्यातून काय लागणार, असा त्याचा आशय. म्हणून हे पत्र. मी लेखक नाही, समीक्षक तर नाहीच. १९७३ ते १९९८ अशी पंचवीस वर्षं मी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. जहाजावर आम्हाला ‘मार्कोनीसाब’ म्हणत. आणि त्यातले सात महिने मी अडकलेल्या जहाजावर काढले आहेत.

ते १९८५ साल. जुनं मालवाहू जहाज, झेंडा परदेशी, आम्ही एकोणीस जण, त्यातले अकरा रत्नागिरी-रायगडकडचे. पश्चिम आफ्रिकेतल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून धक्क्यावर जागा मिळायची वाट बघत होतो. तेवढ्यात मालकाने हात वर केले. एजंटाची बोट यायची थांबली, पगार थांबला. बंदरात शिरायचं तर आधी थकबाकी भरा, आणि जहाज सोडून जाताही येईना, कारण माणसांशिवाय जहाज तिथे सोडायला परवानगी नाही. किनारा समोर दिसत होता. रात्री दिवे दिसायचे, वारा जमिनीवरून असला की चुलीच्या धुराचा वास यायचा. व्हीएचएफवर, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवर, बंदराशी बोलणं व्हायचं. उत्तर एकच, थांबा.

पहिला महिना भांडणात गेला. दुसऱ्या महिन्यात पाण्याचा हिशेब सुरू झाला. भंडाऱ्याने, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाक्याने, दुधाच्या पावडरीचा एक रिकामा डबा घेतला आणि त्याच्या आतल्या बाजूने खिळ्याने ओरखडा मारला. पाणी त्या ओरखड्यापर्यंत, माणशी दिवसाला पाच डबे, त्यातच चहा आणि त्यातच तोंड धुणं. पाणी घेणाऱ्याने उकिडवं बसून डोळा ओरखड्याच्या पातळीला आणायचा आणि ‘बस’ म्हणायचं. कप्तानसुद्धा तसेच बसायचे. पुढे पाऊस आला तेव्हा सारंगाने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, हॅचवरची (मालाच्या तळघराच्या तोंडावरची) ताडपत्री चार कोपऱ्यांनी उचलून बांधली आणि आम्ही पिंपं भरली. त्या पाण्याला डांबराची चव होती. ती चव मला आजही, या क्षणी, जिभेवर आणता येते.

रेडिओ रूमबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मुद्दा तिथेच आहे. आमच्या वेळच्या प्रत्येक रेडिओ रूममधल्या घड्याळावर लाल रंगाच्या दोन फाका असायच्या, एक १५ ते १८ मिनिटांची आणि दुसरी ४५ ते ४८ मिनिटांची. काटा लाल फाकेत शिरला की ५०० किलोहर्ट्झ या संकटाच्या हाकेसाठीच्या लहरीवर जगातल्या कुठल्याही जहाजाने संदेश पाठवायचा नाही. फक्त ऐकायचं. तासातून दोनदा, तीन-तीन मिनिटं, हजारो मोर्स किल्ल्या थांबायच्या. का, तर कुठेतरी एखाद्याची बॅटरी संपत आली असेल, त्याचा आवाज क्षीण असेल, तो आमच्या कलकलाटात बुडून जाऊ नये. याला आम्ही सायलेन्स पीरियड म्हणायचो.

आमचं डिझेल संपत आल्यावर जनरेटर दिवसातून दोन तास चालायचा, पण मी आणीबाणीच्या बॅटरीवर त्या तीन मिनिटांची पाळी चुकवली नाही. आता कोणी विचारेल, मग एसओएस का दिला नाही? कारण एसओएस हा जहाजावर आणि माणसांवर लगेचचं, गंभीर संकट असेल तेव्हाच द्यायचा असतो, आणि आम्ही बुडत नव्हतो. हळूहळू संपत जाणाऱ्या माणसांसाठीची ती खूण नव्हे.

चौथ्या महिन्यात एक होडी आली. एक म्हातारा, एक पोरगा. त्यांची भाषा आम्हाला येईना, आमची त्यांना. तिसरे इंजिनियर वरून ओरडून इंग्रजीत बोलायला लागले, तशी होडी मागे सरली. तेव्हा सारंग शिडीच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसले. हर्णैचे होते, बापजादे मासेमारीतले. त्यांनी हाकही मारली नाही. मांडीवर दोराचं टोक घेऊन त्याचे तीन पीळ उकलले आणि दुसऱ्या दोरात एकाआड एक गुंफायला घेतले, जणू रोजचं काम चाललंय. म्हातारा बघत राहिला. मग होडी जवळ आली, त्याने हात पुढे केला, दोर घेतला आणि उरलेला सांधा स्वतः पुरा केला. हात तोच, पीळ तोच, फक्त शेवटचं टोक तो उलट्या बाजूने आत घालत होता. सारंगांनी ते टोक बोटाने दाबून बघितलं आणि मान हलवली. आमच्याकडे दोर भरपूर होता. दुसऱ्या दिवसापासून दोराच्या बदल्यात मासे आणि शहाळी यायला लागली.

पुढे एकदा आमच्यातल्या एका तरुण पोराने खुशीत येऊन होडीत मटणाचा एक डबा वरून टाकला. प्रेमानेच टाकला. होडी निघून गेली आणि नऊ दिवस फिरकली नाही. दहाव्या दिवशी आली, पूर्वीसारखीच. त्यांना काय लागलं, मटण, वरून फेकणं की आणखी काही, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. सातव्या महिन्यात खलाशांच्या युनियनने आणि वकिलातीने मिळून सोडवणूक केली, सहार विमानतळावर उतरलो, आणि ते कोडं तसंच राहिलं.

आता सांगा, यान अडकलंय, मदत येणार नाही, आणि बाहेरून कोणीतरी जवळ येतंय ज्याची भाषा आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट पोरांची कशी?

त्या लेखाचे लेखक म्हणतील की समुद्र वेगळा, अंतराळ वेगळं. वेगळं आहेच, पण ते अधिक कठोर आहे. चंद्रापर्यंत रेडिओचा संदेश जायला सव्वा सेकंद लागतो. मंगळापर्यंत, तो जवळ की लांब त्यानुसार, तीन ते बावीस मिनिटं. १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर-१ हे यान आता इतकं दूर आहे की त्याची हाक पोचायला तेवीस तासांहून जास्त लागतात, आणि त्याचा ट्रान्समीटर जेमतेम २३ वॉटचा आहे. आमच्या म्हाताऱ्या जहाजावरचासुद्धा त्याहून कितीतरी मोठा होता. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. म्हणजे तिथे अडकलेल्या मार्कोनीने ‘पाणी संपत आलंय, काय करू’ असं विचारलं, तर उत्तर साडेआठ वर्षांनी. हे आकडे माझ्यासारख्याला निव्वळ आकडे वाटत नाहीत. साधी टेलेक्सची वाट बघताना माणसं कशी होतात ते मी पाहिलं आहे.

आणि अडकलेली माणसं नवीन समाज उभा करतात, हेही कल्पनेतलं नाही. १९७६ साली मी पहिल्यांदा सुएझ कालव्यातून गेलो तेव्हा वाटेतल्या ग्रेट बिटर लेक या सरोवरात आमच्या कप्तानांनी ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकायच्या खोलीतून, बोट दाखवून सांगितलं होतं, इथे चौदा जहाजं आठ वर्षं उभी होती. १९६७च्या जूनमधल्या युद्धात कालवा बंद झाला आणि ती आत सापडली. ब्रिटिश, अमेरिकन, पश्चिम जर्मन, फ्रेंच, स्वीडिश आणि त्यांच्याच शेजारी पोलिश, बल्गेरियन, चेकोस्लोव्हाक. शीतयुद्धात एकमेकांकडे तोंड वाकडं करून बघणारे देश. वाळवंटाची वाळू बसून जहाजं पिवळी पडली. पण त्यांनी एक मंडळ स्थापन केलं, बल्गेरियन जहाजावर सिनेमा, एका ब्रिटिश जहाजाच्या डेकवर फुटबॉल, जर्मन जहाजावर रविवारची प्रार्थना. स्वतःची टपाल तिकिटं हाताने बनवली. खलाशी बदलत राहिले, जहाजं तिथेच. १९७५ साली कालवा उघडला तेव्हा स्वतःच्या इंजिनांवर घरी जाऊ शकली ती फक्त दोन, दोन्ही जर्मन. यातलं सरोवर काढून तिथे एखादा ग्रह ठेवा, कादंबरी तयार आहे.

अशा कादंबऱ्या मी इंग्रजीत पुष्कळ वाचल्या, बंदराबंदरांतल्या खलाशांच्या क्लबांत जुन्या पुस्तकांची अदलाबदल चालायची. काही फार चांगल्या असतात. वाईट असतात त्या नेमक्या कुठे वाईट, तेही सांगतो. परका जीव भेटल्याबरोबर यंत्र भाषांतर करून देतं आणि दहाव्या पानावर सगळे गप्पा मारायला लागतात. तिथे मी पुस्तक मिटतो. शास्त्रज्ञांनी १६ नोव्हेंबर १९७४ रोजी आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीवरून ताऱ्यांच्या एका गुच्छाकडे संदेश पाठवला, तो १६७९ ठोक्यांचा होता. १६७९ का, तर तो २३ आणि ७३ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे, ऐकणारा हुशार असेल तर ठोके ओळींत मांडून चित्र काढेल म्हणून. सुंदर युक्ती आहे, मोर्स शिकलेल्या माणसाला तर ती पाहून भरून येतं. पण गणित झाल्यावर पुढे काय? पुढे तो मटणाचा डबा आहे. आपल्या चांगुलपणाचा त्यांनी काय अर्थ घेतला, हे न कळता पुन्हा शिडीवर जाऊन बसणं आहे. त्यावर चारशे पानं लिहायला प्रौढ लेखकच हवा आणि ती वाचायला प्रौढ वाचक.

मराठीत विज्ञानकथेची वाट मोठ्या माणसांनी घालून दिली आहे. जयंत नारळीकर कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये खगोलशास्त्राचं काम करत होते, तेव्हा १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने गोष्ट पाठवली आणि बक्षीस मिळवलं. जगप्रसिद्ध माणूस, नाव लपवून, मराठीत! तेव्हापासून कथा खूप आल्या. पण लांब पल्ल्याची, पिढ्या आणि ग्रह ओलांडणारी, जहाजावर जशी माणसं महिनोन्‌महिने एकत्र राहतात तशी पानोपानी सोबत राहणारी अंतराळ-कादंबरी मी आमच्या वाचनालयात मागतो तेव्हा मला बालविभागाकडे बोट दाखवलं जातं. तिथल्या बुटक्या कपाटासमोर, माझ्या गुडघ्यांनी, मी वाकून बघतो. मागणी नाही म्हणतात. मी दर महिन्याला मागतो.

भाषा कमी पडते हे तर मला कुणी सांगूच नये. सारंग, टिंडेल, सुकाणी, भंडारी, बडा मालिम, तांडेल, नाखवा हे शब्द आपल्या किनाऱ्यावर रोजच्या वापरातले आहेत. यानावरच्या माणसाला ‘दळणवळण अधिकारी’ म्हटलं की तो वाक्यातच मरतो. त्याला मार्कोनी म्हणा, तो चहा मागेल. यान धक्क्याला लागू दे, वारं पडू दे, उधाण येऊ दे. आणि मराठी तर आधीच तिकडे गेलेली आहे. परक्या जीवांना कधी सापडली तर म्हणून व्हॉयेजरवर ठेवलेल्या आवाजांच्या तबकडीत पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठी आहे. त्याच तबकडीवर गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ला आणि केसरबाई इथे मुंबईत गेल्या १६ सप्टेंबरला. मी तेव्हा समुद्रावर होतो, मुंबईहून निघालेल्या एका बातमीपत्रात ती ओळ मी कागदावर उतरवून घेतली होती आणि मेसमध्ये लावली होती. तबकडीचं मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

माझी विनंती अशी. आपल्या पुरवणीत पूर्वी कादंबऱ्या क्रमशः येत. पुन्हा एक सुरू करा, अडकलेल्या यानाची. लिहिणारे आहेत. माझ्या नातीच्या वयाची दोन-तीन मुलं मला ठाऊक आहेत, वह्या भरून बसली आहेत आणि ‘परग्रहवासी काढून टाकलेत तर बघू’ अशी उत्तरं घेऊन परतली आहेत. त्यांच्यापैकी कोणाला जहाजावरचं काही विचारायचं असेल, पाळ्या कशा लावतात, बॅटरीचं पाणी किती दिवसांनी बघतात, अडकलेल्या माणसांत पहिलं भांडण कशावरून होतं, तर मी सांगायला तयार आहे. आता २०१७पासून निदान आंतरराष्ट्रीय नियम आहे, खलाशांना वाऱ्यावर सोडलं तर खर्चाची हमी मालकाला आधीच द्यावी लागते. तरी आजही जहाजं टाकून दिली जातात, आणि त्यांवर मराठी बोलणारी माणसं असतात. तीही वाचतील.

१ फेब्रुवारी १९९९पासून जहाजांसाठी मोर्सऐवजी उपग्रहाची व्यवस्था पूर्ण लागू झाली आणि आमचं खातंच संपलं. माझ्या खोलीतल्या साध्या भिंतीवरच्या घड्याळावर मी लाल रंगाने त्या दोन फाका रंगवून घेतल्या आहेत. सारंग आता नाहीत. त्यांचा मुलगा हर्णैला असतो, आपला पेपर त्याच्याकडे दुपारच्या एसटीने पोचतो. पहिला हप्ता कधी येणार ते आधी कळवलंत, तर त्याला अंक राखून ठेवायला सांगता येईल.

आपला,
एक निवृत्त रेडिओ ऑफिसर
भांडुप (पूर्व), मुंबई