मोडक्या जिन्यावर कमांडो घडवता का, साहेब?

मा. गृहमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

माझा मुलगा पोलीस शिपाई आहे. इमारतीत शिरून ओलीस सोडवायचे, त्या पथकात. शहराचं नाव लिहीत नाही, त्याला अजून तिथेच नोकरी करायची आहे. गेल्या महिन्यात सराव करताना जिन्याचा कठडा निखळला आणि तो खाली कोसळला. टाचेचं हाड चुरलं, आत स्क्रू बसवलेत. सराव चालला होता पाडायला काढलेल्या इमारतीत! जिथे भाडेकरूंना पाऊल टाकायला बंदी, तिथे बुलेटप्रूफ जाकीट, हेल्मेट, रायफल चढवून आमची पोरं पळवता? वर नोंद काय, तर 'पाय घसरून पडले'.

सरावासाठी वेगळी वास्तू बांधतोय, असं कुटुंबीयांच्या मेळाव्यात मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं. तिथे आज गवत वाढलंय.

मुलाकडून ऐकून ऐकून मलाही कळतं. सगळ्यात घातकी जागा म्हणजे दार. दारात थबकला तो गेला, मागच्यांचीही वाट अडली. म्हणून पुढे ढालवाला, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर, आत शिरताच एकाने डावा कोपरा धरायचा, दुसऱ्याने उजवा. आधी रिकाम्या बंदुकीने, मग खऱ्या गोळीने. खोलीत अतिरेक्याचं चित्र असतं तसं ओलिसाचंही, कुणावर झाडायची ते क्षणात ठरवायचं. ह्या सरावाला गोळी गिळणाऱ्या भिंती लागतात, नाहीतर ती उलटून आपल्याच माणसाला लागते. आणि भिंती हलवता आल्या पाहिजेत. रोज तीच खोली असली की पोरांना ती पाठ होते, मग खऱ्या प्रसंगी नव्या घरात काय करायचं?

२६/११ च्या हल्ल्यात अतिरेक्यांनी मुंबईतल्या नरिमन हाऊसमध्ये लोकांना ओलीस धरलं. २८ नोव्हेंबर २००८ ला त्याच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरलेले एनएसजीचे, म्हणजे केंद्राच्या कमांडो दलाचे जवान हरियाणातल्या मानेसरच्या तळावर हेच घोटून आले होते. तरी हवालदार गजेंद्रसिंह बिश्त गेले, आतले सहा जण वाचले नाहीत. आणि मुंबई पोलिसांची स्वतःची क्यूआरटी, म्हणजे तातडीने धावून जाणारं पथक? हल्ल्याआधी वर्षभराहून जास्त काळ त्या जवानांना गोळीबाराचा सराव नव्हता, दारूगोळाच नव्हता म्हणून. हल्ल्याची चौकशी करायला राज्य सरकारनेच नेमलेल्या राम प्रधान समितीसमोर हे आलंय. मग हल्ल्यानंतर मुंबईत फोर्स वन हे राज्याचं कमांडो पथक उभं राहिलं, चांगलं झालं. पण बाकीच्या शहरांतल्या पोरांनी काय पाप केलंय?

सरावाचा दिवस उजाडला की सभा निघते, मिरवणूक निघते, कुणीतरी पाहुणे येतात. दार फोडायला शिकवलेला जवान दिवसभर दोरी धरून उन्हात उभा. तुमचा पक्ष असो की त्यांचा, सगळ्यांना गाडीमागे कमांडो हवेत. २६ नोव्हेंबरला पुष्पचक्र वाहायला सगळे हजर, आणि दारूगोळ्याची फाईल मात्र टेबलावरून हलत नाही. शिपाई मेल्यावरच त्याची किंमत करायची, ही ह्या राज्यकारभाराची रीतच झालीय.

मुलाच्या उपचाराचा सगळा खर्च द्या. नोंद दुरुस्त करा. पथकाचे सरावाचे दिवस बंदोबस्ताला लावू नयेत, असा आदेश काढा. बाकीची पोरं अजून त्याच इमारतीत जातात, ते आजच्या आज थांबवा. उत्तर लेखी पाठवा, तोंडी आश्वासन मी घेणार नाही.

एका जवानाची आई