खेरोनियाचा नावाड्याशी काय संबंध?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ग्रीसमधल्या खेरोनिया गावावरचा लेख वाचला. लढाईचं वर्णन झकास, त्याबद्दल लेखकमहाशयांचं अभिनंदन. पण इ.स.पू. ३३८ मध्ये मॅसेडोनियाचा राजा फिलिपने तिथे थीब्ज आणि अथेन्सच्या फौजा कापून काढल्या, प्रेतांचा खच पडला, म्हणून मेलेल्यांना पैलतीरी नेणाऱ्या खारोन नावाड्यावरून गावाला नाव मिळालं, हा शोध कुठला? ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस फिलिपच्या जन्माआधी वारला, आणि त्याच्या इतिहासात खेरोनिया याच नावाने आहे. अथेन्सचा सेनापती टॉल्मिडीसने ते जिंकलं, ते इ.स.पू. ४४७ च्या सुमारास. पुढे मढी पडणार हे गावाला शंभर वर्षं आधीच कळलं होतं म्हणायचं!

नाव खेरोनवरून आलं, खारोनवरून नव्हे. खेरोन म्हणजे अपोलोचा मुलगा. त्याने गाव वसवलं हे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क रोमन सेनापती सुल्लाच्या चरित्रात सांगतो, आणि प्लुटार्क मूळचा खेरोनियाचाच. गाव लहान आहे, ते आणखी लहान होऊ नये म्हणून मी इथेच राहतो, असं लिहिणारा हा माणूस. खेरोनच्या आईचं नाव तो थुरो देतो, ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस थेरो म्हणतो. गावाचं आधीचं नाव आर्ने होतं, हेही पॉसेनियसने नोंदवलंय. या सगळ्या दंतकथाच, मान्य. पण निदान त्या गावाच्या स्वतःच्या तरी आहेत.

नावाड्याची ही लोणकढी मी पहिल्यांदा ऐकली ती ग्रीसच्या सहलीत, टूर मॅनेजरच्या तोंडून, बसच्या माइकवर. डेल्फीला जाताना लिवादियापाशी मी म्हटलं, जरा वाट वाकडी केली तर खेरोनियाचा सिंह बघता येईल. "काका, तिथे फक्त एक दगडी सिंह आहे हो. मढ्यांचं गाव ते!" बस हसली. तो 'फक्त' सिंह थीब्जच्या सैनिकांच्या थडग्यावर बसलाय. उत्खननात तिथे २५४ सांगाडे निघाले. थडग्यावर एकही ओळ कोरलेली नव्हती. त्यांच्या शौर्याला दैवाने साथ दिली नाही म्हणून असेल, असं पॉसेनियसला वाटलं. आम्हाला मात्र अराखोव्हात उतरवलं, आणि फ्रिजला चिकटवायची मॅग्नेटं घ्यायला तिथे वेळच वेळ होता. परत आल्यावर मी कंपनीला सविस्तर पत्र पाठवलं. उत्तरादाखल पुढच्या सहलीसाठी सवलतीचं कूपन आलं. आपल्या लेखकमहाशयांनी बहुधा त्याच बसने प्रवास केला असावा.

जाता जाता आणखी एक. लेखाखाली 'उर्वरित पान ६ वर' असं छापलं होतं. पान ६ वर फ्लॅटची पानभर जाहिरात आहे, स्विमिंग पूलसकट. खेरोन त्या उर्वरित भागात असेल तर माझी तक्रार नाही, पण मग तो भाग येत्या रविवारी छापा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सांगली